सह्याद्रीचं दुसरं टोक

१९९७ सालच्या नोव्हेंबरात आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात, पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या अमेरिकी अभ्यासकांना भर दिवसा झाडावर बसलेला रानपिंगळा दिसला. १८८४ नंतर या पक्ष्याचा एकही विश्वासार्ह पुरावा नव्हता. मधल्या काळात रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश कर्नलने १९१४ मध्ये आपण गुजरातेत तो मिळवल्याचा दावा केला होता, आणि पुढचे शोध त्या खोट्या माहितीमुळे भरकटले होते. रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने बारकाईने तपासले. कर्नलचा तो पक्षी चोरीचा निघाला. खानदेशात नोकरी केलेल्या जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने कधीकाळी गोळा केलेला नमुना उसवून, पुन्हा शिवून त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. मग त्यांनी खोटी जागा सोडली, जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धरल्या आणि शहाद्याला पिंगळा सापडला. ही कथा महाराष्ट्रातल्या पक्षिमित्रांना पाठ आहे.

तिचा पुढचा भाग मात्र आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही. याच रासमुसेन यांचं नाव २००४ मध्ये आणखी एका घुबडाच्या शास्त्रीय नामकरणावर आलं. ते घुबड श्रीलंकेचं. दीपाल वारकागोडा हे तिथले पक्ष्यांच्या आवाजांचे मोठे जाणकार. १९९५ मध्ये कितुलगलाच्या जंगलात रात्री त्यांच्या कानावर एक मऊ, किंचित थरथरणारा, एका सुराचा आवाज पडला. श्रीलंकेतल्या कुठल्याही ज्ञात पक्ष्याशी तो जुळेना. पुढची काही वर्षं तो नुसता आवाजच राहिला. २३ जानेवारी २००१ रोजी सिंहराजाच्या जंगलात त्या आवाजाचा धनी अखेर त्यांना दिसला. जेमतेम वीतभर लांबीचं, तांबूस रंगाचं, कानांवर तुरे नसलेलं, आखूड शेपटीचं घुबड. सव्वाशेहून अधिक वर्षांत श्रीलंकेत सापडलेला हा पहिलाच नवा पक्षी. वारकागोडा आणि रासमुसेन यांनी मिळून त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्याचं शास्त्रीय नाव ‘ओटस थिलोहॉफमनी’, आणि पक्षिनिरीक्षकांमधलं नाव ‘सेरेंडिब स्कॉप्स आउल’.

शहादा आणि सिंहराजा यांना जोडणारा हा धागा एका संशोधिकेच्या कामाचा आहे. पण त्याखाली आणखी जुना, लाखो वर्षांचा धागा आहे. मी या लेखात श्रीलंकेच्या पक्ष्यांबद्दल सांगणार आहे ते त्या दुसऱ्या धाग्याला धरून. कारण माझं ठाम मत झालं आहे की ज्याने आंबोली, कोयना, फणसाड, मोलेम इथं पहाटे उठून पक्षी पाहिले आहेत, त्याला श्रीलंकेत जे दिसेल ते लंडनहून आलेल्या माणसाला दिसणार नाही. पाहुण्याला तिथे नवे पक्षी दिसतात. आपल्याला मात्र नात्यातले पक्षी दिसतात, आणि नात्यात झालेले बदलही दिसतात.

श्रीलंकेचं क्षेत्रफळ सुमारे ६५,६०० चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या एक चतुर्थांशाहूनही कमी. एवढ्याशा बेटावर, जगात दुसरीकडे कुठेही नसलेल्या पक्ष्यांच्या तेहतीस-चौतीस जाती आहेत. तज्ज्ञांच्या याद्यांप्रमाणे आकडा एखाद-दुसऱ्याने हलतो. त्यातल्या बहुतेक जाती नैर्ऋत्येच्या ओल्या पट्ट्यात आणि मधल्या डोंगराळ भागात एकवटल्या आहेत. नैर्ऋत्य मान्सून मे महिन्याच्या अखेरीस आधी तिथे धडकतो आणि मग केरळमार्गे आपल्याकडे सरकतो. तोच पाऊस, तसेच समुद्राकडे तोंड करून उभे डोंगर, तसंच सदाहरित जंगल. म्हणूनच जगाच्या जैवविविधतेच्या नकाशावर ‘पश्चिम घाट आणि श्रीलंका’ हा एकच प्रदेश मानला जातो.

आता यातला खरा गुंता. पाल्कची सामुद्रधुनी उथळ आहे. हिमयुगात समुद्राची पातळी शंभर मीटरहून अधिक खाली गेली होती, तेव्हा भारत आणि श्रीलंका जमिनीने जोडलेले होते, आणि असं गेल्या पाच लाख वर्षांत अनेकदा घडलं. म्हणजे पायी चालत जाता येईल अशी वाट होती. मग सगळे प्राणी एकमेकांत मिसळून एकसारखे का झाले नाहीत? २००४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका संशोधनाने बेडूक, साप, मासे, खेकडे अशा जीवांच्या जनुकांवरून दाखवलं की वाट मोकळी असतानाही दोन्हीकडचे जंगलवासी जीव मोठ्या प्रमाणावर आपापल्या जागीच राहिले. मधल्या सखल, कोरड्या पट्टीने ओल्या जंगलातल्या जीवांना अडवून धरलं असावं. ज्याला दाट सावली, ओली पाचोळ्याची जमीन आणि बारमाही झरा लागतो त्याच्यासाठी रामनाथपुरमची उघडी, काटेरी माळरानं म्हणजे समुद्रच. त्यामुळे दोन्ही टोकांना एकाच घराण्याच्या दोन शाखा वेगवेगळ्या वाढल्या.

एकदा हे डोक्यात बसलं की श्रीलंकेतली प्रत्येक सकाळ जोड्या लावण्यात जाते. आपल्या जंगलात पानांच्या आडून कलकलाट करत पळणारी चकोत्री घ्या. तिच्या वंशात जगभरात तीनच जाती, दोन भारतात आणि तिसरी श्रीलंकेत. तिथली चकोत्री काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, आणि इतकी लाजाळू की सिंहराजात तिचा आवाज रोज ऐकूनही दर्शन न झालेले लोक भेटतात. सह्याद्रीत मलबारी राखी धनेश आहे, चोचीवर शिरस्त्राण नसलेला. श्रीलंकेचा राखी धनेशही तसाच, शिरस्त्राणाविना. सह्याद्रीच्या उंच, दाट रानात एक मोठं रानकबूतर आहे. त्याला कर्नल साइक्स यांनी १८३२ मध्ये मुंबईचे माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचं नाव दिलं. त्याचा श्रीलंकेतला भाऊबंद न्यूवारा एलियाच्या थंड रानात घुमतो, आणि त्याच्या शास्त्रीय नावातही तिथल्या गव्हर्नरचं, टॉरिंग्टनचं, नाव आहे. दोन्ही कबुतरांच्या मानेवर काळ्या-पांढऱ्या चौकड्या. आपला राखी रानकोंबडा मानेच्या पिसांवर पिवळे ठिपके मिरवतो. श्रीलंकेचा रानकोंबडा नारिंगी-तांबडा, लाल तुऱ्याच्या मधोमध पिवळा डाग असलेला. तो त्यांचा राष्ट्रीय पक्षी आहे आणि सिंहराजाच्या फाटकापाशी, गावठी कोंबड्यांच्या शेजारी, अगदी निवांत चरतो. पहिल्यांदा आलेल्या मराठी पक्षिमित्राला हे बघून हेवाच वाटतो. आपल्याकडे रानकोंबडा दिसतो तो रस्ता ओलांडून झाडीत घुसतानाच्या दोन सेकंदांपुरता.

आणि काही पक्षी बदललेच नाहीत. बेडूकतोंड्या हा त्यातला सर्वांत विलक्षण. दिवसभर वाळक्या पानासारखा फांदीला चिकटून बसणारा, रुंद जबड्याचा हा पक्षी सह्याद्रीच्या दक्षिण भागात आणि श्रीलंकेत, दोन्हीकडे एकच. गोव्यातल्या भगवान महावीर अभयारण्यात आणि दांडेलीत तो पाहायला लोक जातात. घरट्यात अंडं एकच, आणि दिवसा ते उबवायचं काम नराकडे. सिंहराजाच्या वाटेवर वेताच्या जाळीत, हात लांबवला तर पोहोचेल इतक्या उंचीवर बसलेली जोडी पाहिली तेव्हा आमच्यातल्या मोलेमच्या मित्राच्या तोंडून कोकणीत जो उद्गार निघाला तो ऐकून सोबतचा सिंहली वाटाड्यासुद्धा हसला. शब्द त्याला कळले नव्हते.

सिंहराजाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण श्रीलंकेत एकच जागा पाहायची असेल तर ती हीच. कोलंबोहून रत्नपुरा, तिथून कलवाना, वेद्दागला आणि मग कुडावा. रत्नपुराच्या आसपास भाताच्या खाचरांमध्ये रत्नांच्या खाणींचे गवताने शाकारलेले खड्डे दिसत राहतात. शेवटचा टप्पा जीपचा. जंगल सुरू होतं तिथपर्यंत चहाचे छोटे मळे जवळजवळ चिकटून आले आहेत. फाटकापाशी वनखात्याचा वाटाड्या सोबत घ्यावा लागतो. जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे कापडी मोजे घालायचे, आणि एका रुंद, सपाट वाटेने चालायला लागायचं.

ती वाट इतकी रुंद का, याचं उत्तर या जंगलाच्या इतिहासात आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने सिंहराजाचं लाकूड प्लायवूडसाठी तोडायचं ठरवलं. यंत्रं आत गेली, ट्रकसाठी रस्ते कापले गेले. त्याविरुद्ध जे लोक उभे राहिले त्यांत पुढे होते थिलो हॉफमन. हे मूळचे स्विस. १९४६ मध्ये नोकरीसाठी सिलोनला आले आणि तिथलेच झाले. कंपनीचा कारभार सांभाळता सांभाळता त्यांनी सिलोन बर्ड क्लब आणि वन्यजीव संरक्षण सोसायटी यांचं नेतृत्व केलं. निवेदनं, लेख, मंत्र्यांच्या भेटी, जंगलातल्या पाहण्या असा त्यांचा लढा काही वर्षं चालला. १९७७ मध्ये तोड थांबली. १९७८ मध्ये सिंहराजा युनेस्कोच्या ‘माणूस आणि जीवावरण’ कार्यक्रमात आलं, १९८८ मध्ये जागतिक वारसास्थळ झालं. इथल्या मोठ्या वृक्षांपैकी साठ टक्क्यांहून अधिक जाती फक्त श्रीलंकेतच आढळतात. ज्या रस्त्याने लाकडाचे ट्रक जायचे त्याच रस्त्याने आज दुर्बिणी घेतलेली माणसं चालतात. दोन्ही बाजूंना पुन्हा वाढलेलं जंगल आहे. आणि याच जंगलात २००१ मध्ये दिसलेल्या घुबडाला हॉफमन यांचं नाव मिळालं, त्यांच्या हयातीत. ते २०१४ मध्ये गेले. एका माणसाच्या कामाची इतकी नेमकी पावती मी दुसरी पाहिलेली नाही.

आता पक्षी. सिंहराजात नवखा माणूस पहिल्या तासात निराश होतो. झाडं उंच, उजेड कमी, सगळीकडे पाण्याचा टिपटिप आवाज, आणि पक्षी नाहीत. अधूनमधून एखादी शीळ येते, एवढंच. वाटाडे मात्र शांत असतात. ते चालतात, थांबतात, कान देतात, पुन्हा चालतात. मग कुठूनतरी दूर एक किलबिल सुरू होते. ती वाढते, जवळ येते, आणि बघता बघता डोक्यावरचं रिकामं जंगल भरून जातं. लग्नाचं वऱ्हाड जसं आधी ऐकू येतं आणि मग वळणावरून दिसतं, तसा हा मिश्र थवा येतो.

पुढे असतात नारिंगी चोचीचे सातभाई. आपल्या अंगणातल्या सातभाईंचेच हे नातेवाईक. तसेच भांडखोर, तसेच एकमेकांना चिकटून फिरणारे, फक्त रंगाने तांबूस आणि चोचीने नारिंगी. त्यांच्यासोबत, थोडा वरच्या फांदीवर, काळा तुरेवाला श्रीलंकन कोतवाल. मग एकेक करून बाकीचे. खाली पाचोळा उकरणारे राखी डोक्याचे कलहकारी, मधल्या थरात लाल पोटाचा मलबारी कर्णा, खोडावर चढणारे किरमिजी पाठीचे सुतार, आणि अगदी वर, पानांच्या छतात, आपण मान वाकडी करकरून शोधतो ते दोन पक्षी. एक लाल तोंडाचा मलकोहा. आपल्याकडच्या मुंगश्याच्या कुळातला, पण हातभर लांब, काळा-पांढरा-हिरवा, डोळ्यांभोवती रक्तासारखी लाल कातडी. आणि दुसरा निळा मॅगपाय, ज्याला सिंहली लोक केहिबेल्ला म्हणतात. निळंशार अंग, तपकिरी डोकं आणि पंख, लाल चोच, लाल पाय. हा मात्र सह्याद्रीच्या जोड्यांत बसत नाही. त्याच्या वंशातले भारतीय पक्षी हिमालयात आहेत, सह्याद्रीत एकही नाही. मधल्या दोन हजार किलोमीटरांत त्याचं कुणी का नसावं, हा विचार त्याला बघताना सुटत नाही. थव्याबरोबर कधीकधी मोठी खारही येते, आपल्या शेकरूचीच चुलत बहीण.

कोलंबो विद्यापीठात प्राध्यापक राहिलेले सरथ कोटगामा यांनी १९८० च्या दशकापासून या थव्यांचा माग ठेवला. पुढे एबेन गुडेल हे अमेरिकी अभ्यासक त्यांना येऊन मिळाले. त्यांनी शेकडो थवे मोजले. सरासरी एका थव्यात अकरा-बारा जातींचे चाळीसेक पक्षी निघाले. त्यांचं सर्वांत सुंदर काम कोतवालाबद्दल आहे. सातभाई थव्याला पुढे ओढतात हे खरं, पण पहारा करतो कोतवाल. तो इतर पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो. आपला भृंगराजही नकला करण्यात पटाईत, म्हणून यात नवल वाटू नये. नवल पुढे आहे. धोका दिसला की कोतवाल आपल्या इशाऱ्याबरोबर दुसऱ्या जातींचे धोक्याचे आवाज, कधी शिकारी पक्ष्याचाही आवाज काढतो. धोका नसताना तो त्याच पक्ष्यांची साधी, एकमेकांना हाका मारतानाची बोली उचलतो. कुठला आवाज कोणत्या प्रसंगी, हे त्याला कळतं. रेकॉर्ड केलेली नक्कल जंगलात ऐकवल्यावर इतर जातींचे पक्षी तिकडे ओढले गेले, म्हणजे त्याच्या नकलेने थवा जमायलाही मदत होत असावी. थव्यात किडे उडतात आणि ते कोतवालाला मिळतात. पहारा देण्याचा मोबदला त्याला असा चुकता होतो.

हे वाचल्यानंतर सिंहराजात उभं राहून ऐकण्याची रीतच बदलते. आधी आपण म्हणायचो, ‘कर्णा ओरडला.’ आता विचार करावा लागतो, कर्णा ओरडला की कोतवाल? थवा पंधरा-वीस मिनिटांत पुढे निघून जातो. यादी घेऊन आलेली माणसं तेवढ्या वेळात जास्तीत जास्त जाती टिपण्याची धडपड करतात, आणि मला त्यांची घाई समजते, कारण हे पक्षी पुन्हा कधी दिसतील सांगता येत नाही. पण मी तरी सुचवेन की एक थवा यादी न करता नुसता पाहावा. कोण कुठल्या थरात आहे, कोण कोणाच्या मागे जातो, सातभाई थांबले की बाकीचे काय करतात. चाळीस वर्षांच्या संशोधनाचा विषय डोळ्यांसमोर चालत असतो.

कितुलगला हे त्या घुबडाचं दुसरं घर. केलनी नदीच्या काठचं हे गाव ‘ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ या १९५७ च्या चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी प्रसिद्ध आहे. आज तिथे नदीत रबरी होड्यांची धमाल चालते. नदी ओलांडून पलीकडच्या जंगलात गेलं की जग वेगळं. पाऊलवाट घरांच्या परसांतून, मिरीच्या वेलांतून, कितुल माडांखालून चढत जाते. या माडाच्या रसाचा गूळ आणि काकवी श्रीलंकेत घरोघरी असते.

या वाटेवर हिरव्या चोचीचा भारद्वाज असतो, असं म्हणावं लागतं, कारण दिसतो क्वचितच. आपला नेहमीचा भारद्वाज श्रीलंकेतही गावोगाव आहे, कुंपणाकुंपणातून हिंडतो. आपल्याकडे सकाळी त्याचं दर्शन शुभ मानतात. त्याचा हा भाऊ मात्र दाट, ओल्या जंगलातल्या बांबूच्या जाळ्यांबाहेर येत नाही. डोकं जांभळट काळं, पंख तपकिरी, आणि फिकट, हस्तिदंती झाक असलेली हिरवी चोच. त्याचा घुमारा खोल, दोन तुकड्यांचा, दरीभर ऐकू येणारा. ज्या सलग जंगलावर तो अवलंबून आहे त्याचे तुकडे झाले की तो तिथून नाहीसा होतो. चहा, रबर आणि वस्ती यांच्यामध्ये उरलेल्या छोट्या जंगलपट्ट्यांत त्याची संख्या घटत गेली आहे. नेहमीच्या भारद्वाजाला माणूस चालतो, याला चालत नाही. एकाच वंशातल्या दोन पक्ष्यांमध्ये इतका फरक असू शकतो, आणि संरक्षणाचं धोरण ठरवताना हा फरक लक्षात घ्यावाच लागतो.

घुबडाचा शोध दिवसा असतो. ते जमिनीपासून फार उंच बसत नाही. नेच्यांच्या, वाळक्या पानांच्या गुंत्यात दिवस काढतं. तिथली गावातली मुलं पहाटे आवाजावरून अंदाज घेतात आणि मग जागा शोधून ठेवतात. पाहुण्यांना एकेक करून, न बोलता, दूरवरून दाखवतात. या मुलांचं कौशल्य मी फार मोठं मानतो. पानाच्या आड बसलेला तो तांबूस गोळा त्यांनी बोट दाखवूनही आपल्याला पाच मिनिटं दिसत नाही. पण इथेच एक गोष्ट मनाला लागते. काही फोटोग्राफर मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला उघड्यावर आणू पाहतात. रात्री शिकार करून पोट भरणाऱ्या, धोक्यात असलेल्या जातीच्या पक्ष्याला दिवसा उठवून, त्याच्या हद्दीत शत्रू आल्याचं खोटं सांगून फोटो काढणं मला चूक वाटतं. मेळघाटातल्या रानपिंगळ्याबाबत आपल्याकडे हाच प्रश्न आहे. मेळघाटात जाणाऱ्यांनी आणि कितुलगलाला येणाऱ्यांनी रेकॉर्डिंग बंद ठेवावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.

डोंगराळ भागाबद्दल थोडक्यात. हॉर्टन प्लेन्स हे दोन हजार मीटरहून उंच, धुक्याचं, वाऱ्याचं पठार. तिथे पहाटे, एका छोट्या तळ्याकाठी, अरेंगा शोधतात. हा श्रीलंकेचा शीळ कस्तूर. आपल्या शीळ कस्तुराची लांबलचक, माणसासारखी शीळ पावसाळ्यात माथेरानला ऐकलेल्याला इथे धक्का बसतो, कारण अरेंगाचा नेहमीचा आवाज नुसता तीक्ष्ण, कर्कश. १८७२ मध्ये त्याचं वर्णन झालं आणि ब्लाय नावाच्या कॉफीच्या मळेवाल्याचं नाव त्याला मिळालं. पिवळ्या कानांचा बुलबुल मात्र तिथे झुडपाझुडपांत सहज दिसतो, देखणा आणि धीट.

न्यूवारा एलियाच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये जायला हवं ते वेगळ्या कारणासाठी. शहरातली बाग, गुलाबाचे वाफे, शाळेच्या सहलीची मुलं, आणि बागेच्या कडेने वाहणारा एक घाण ओढा. या ओढ्याच्या काठी, कचऱ्यात, हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले पाहुणे उतरतात. काश्मीरच्या डोंगरांत वीण करणारा काश्मिरी माशीमार, हिमालयातला काळा-पांढरा कस्तूर, निळा रॉबिन आणि आपला नवरंग. होय, तोच नवरंग जो मे-जूनमध्ये पहिल्या पावसाच्या आसपास कोकणात उतरतो, कर्नाळ्यात आणि तुंगारेश्वरात दोन सुरांची शीळ घालतो आणि येताना थकून मुंबईतल्या इमारतींच्या गॅलऱ्यांमध्ये पडलेला सापडतो. पावसाळ्यात आपल्याकडे पिलं वाढवून हिवाळ्यासाठी तो दक्षिणेत आणि श्रीलंकेत जातो. ओढ्याच्या काठी प्लॅस्टिकच्या पिशव्यांमधून उड्या मारत किडे वेचणारा नवरंग पाहिल्यावर मला पहिल्यांदा कळलं की कर्नाळ्याचं जंगल राखून त्याचं अर्धंच वर्ष राखलं जातं. उरलेलं अर्धं वर्ष या ओढ्यावर अवलंबून आहे, आणि तो साफ व्हायला हवा.

शेवटी मन्नार. वायव्येचं हे बेट म्हणजे सिंहराजाचं दुसरं टोक. ऊन, वारा, खारट जमीन, ताड आणि बाओबाबचं एक प्रचंड झाड. इथून रामसेतूची वाळूची बेटं धनुष्कोडीकडे जातात. श्रीलंकेतले पक्षिनिरीक्षक कोलंबोहून इतका लांबचा प्रवास करून इथे काय पाहायला येतात? राखी तित्तीर, लांब शेपटीचा खाटीक, पठाणी होला आणि साधा काळा कोतवाल. नगर-सोलापूरच्या माळावर ज्यांच्याकडे आपण मान वळवून पाहत नाही ते हे चार पक्षी श्रीलंकेत जवळजवळ फक्त या उत्तर-वायव्य किनाऱ्याच्या पट्ट्यात आहेत. कोरड्या वाटेने ओल्या जंगलातले जीव अडवले असतील, पण माळावरच्या पक्ष्यांना ती वाट सोयीची ठरली असावी. सामुद्रधुनी ओलांडून ते आले आणि पुढे हिरवं जंगल लागल्यावर थांबले, असं मला वाटतं. दुर्बिणीतून कोतवाल बघून हरखलेली कोलंबोची तरुण मुलं पाहताना या दोन देशांच्या पक्ष्यांचा सगळा हिशेब मला एका जागी दिसला.

मन्नारच्या खाऱ्या पाणथळींत हिवाळ्यात मोठे रोहित उतरतात. त्यांतलं वंकालै अभयारण्य २०१० मध्ये पाणथळींच्या रामसर यादीत गेलं. दक्षिणेतलं बुंदला हे रोहितांचं जुनं प्रसिद्ध ठिकाण. पण सिंचनाचं गोडं पाणी तिथल्या खाऱ्या सरोवरांत मिसळत गेलं, खारेपणा घटला, रोहितांचं अन्न बदललं आणि गेल्या वीसेक वर्षांत त्यांचे मोठे थवे तिथून गेले. म्हणून मन्नारचं महत्त्व वाढलं. मध्य आशियातून येणाऱ्या स्थलांतरितांच्या आकाशमार्गाचं हे दक्षिणेकडचं एक टोक आहे. कोलंबो विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०२१ मध्ये इथे एका कुरव पक्ष्याच्या पाठीवर माग काढणारं यंत्र बसवलं. तो भारत ओलांडून थेट रशियाच्या उत्तर टोकाला, यमाल द्वीपकल्पापर्यंत गेला.

याच किनाऱ्यावर २०२० च्या अखेरीस श्रीलंकेने पवनचक्क्यांचा मोठा प्रकल्प सुरू केला. समुद्रकाठाने तीस पवनचक्क्या ओळीने उभ्या आहेत. त्यानंतर एका भारतीय कंपनीचा आणखी मोठा प्रकल्प आला. पक्ष्यांच्या मार्गावरून तिथल्या पर्यावरण संस्था न्यायालयात गेल्या. विजेच्या दरावरून नव्या सरकारशी बोलणी फिसकटली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने माघार घेतली. श्रीलंकेला आयात इंधनाऐवजी वाऱ्याची वीज हवी आहे, आणि ते योग्यच आहे. पण पवनचक्क्या नेमक्या याच चिंचोळ्या बेटावर उभ्या करण्याचा हट्ट धरू नये, हे तिथल्या अभ्यासकांचं म्हणणंही तितकंच योग्य आहे. पुढचा प्रस्ताव येईल तेव्हा कोणत्या महिन्यात, किती उंचीवरून, किती पक्षी कुठून जातात याचे आकडे टेबलावर असावे लागतील. कोटगामा यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या फील्ड ऑर्निथॉलॉजी ग्रुपसारख्या संस्थांच्या नोंदी तेव्हा कामी येतील. सामुद्रधुनीच्या आपल्या बाजूला तमिळनाडू सरकारने जून २०२५ मध्ये धनुष्कोडीला रोहितांसाठी अभयारण्य जाहीर केलं आहे. मन्नार आणि धनुष्कोडी यांच्यामध्ये हवेतून जेमतेम तीसेक किलोमीटर अंतर आहे. दोन्हीकडे एकाच दिवशी, एकाच पद्धतीने मोजणी व्हायला हवी, आणि ती सुरू करायला जानेवारी चांगला महिना आहे.